तुळशीचे हितचिंतक

माणूस आजारी पडला तर त्याला डॉक्टरकडे नेतात. कुंडीतलं झाड आजारी पडलं तर ते शेजाऱ्यांना दाखवतात. डॉक्टर निदान ‘निदान’ तरी करतो. जीभ बघतो, पोट दाबतो, कधीपासून होतंय म्हणून विचारतो. शेजाऱ्याला असल्या गोष्टींची गरज पडत नाही. तो जिन्यातूनच औषध सांगतो. झाड त्यानं पाहिलेलंही नसतं, आणि त्यामुळेच त्याच्या आवाजात जी खात्री असते ती मोठमोठ्या तज्ज्ञांच्या आवाजात नसते.

माझं या मंडळींशी भांडण आहे. ते मी जिन्यात भांडू शकत नाही, कारण एकाच इमारतीत राहायचं आहे. म्हणून इथे भांडतो.

आधी माझी मालमत्ता जाहीर करतो. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेकडे तोंड करून एक गॅलरी आहे. तीत सहा कुंड्या : तुळस, पुदिना, कोथिंबीर, गवती चहा, पानांचा ओवा आणि सब्जा. हा आमचा शेतीचा एकूण पसारा. याला सातबारा नाही, पण बांधावरचे वाद मात्र आहेत. कारण शेजारची गॅलरी आमच्या गॅलरीला लागून आहे आणि मधला कठडा हात लांब करण्याइतपतच उंच आहे. या कठड्याचा उल्लेख पुढे यायचा आहे, म्हणून लक्षात असू द्यावा.

गेल्या श्रावणात तुळशीची पानं पिवळी पडायला लागली. आठ दिवसांत आमच्याकडे पुढील औषधयोजना जमा झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू : चहाचा चोथा घाला. तळमजल्यावरचे नाना : चोथा मुळीच घालू नका, ताक घाला. समोरच्या वहिनी : हळदीचं पाणी. त्यांच्या सासूबाई : चुलीतली राख. (चूल कुठून आणायची, हे त्यांनी आमच्यावर सोपवलं.) कोणी अंड्याची टरफलं सुचवली, तीही तुळशीला! कोणी ॲस्पिरिनची गोळी म्हणालं. बहुधा तुळशीचं डोकं दुखत असावं. आणि दूध घालणाऱ्यांचा पक्ष तर पूर्वापार आहेच.

आता यातलं एक खरं मानलं तर दुसरं आपोआप खोटं ठरतं. चोथावाल्यांच्या मते तुळशीला भूक लागली होती, ताकवाल्यांच्या मते पोट बिघडलं होतं, आणि राखवाल्या आजींच्या मते दृष्ट लागली होती. पण माझी तक्रार मतभेदाबद्दल नाही. मतभेद डॉक्टरांतही असतात. माझी तक्रार अशी की इतक्या मंडळींपैकी एकानंही पान उलटून बघितलं नाही आणि मातीत बोट घालून बघितलं नाही. पान उलटायला पैसे पडत नाहीत. बोट तर प्रत्येकाला जन्मतः दहा-दहा मिळालेली आहेत.

पिवळं पान म्हणजे रोग नव्हे हो! पिवळं पान म्हणजे ताप. तो हिवतापाचा असेल, टायफॉइडचा असेल किंवा नुसता परीक्षेचा असेल. खालची जुनी पानं एकेक करून पिवळी पडत असली आणि वरचे शेंडे पोपटी असले, तर झाडाला खत हवं असण्याची शक्यता आहे. सगळं झाडच मलूल पिवळं झालं आणि माती ओली असली, तर मुळं कुजत असावीत. पानावर सुईनं टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळं असलं, तर लाल कोळी. तुळशीची पानं ठिपकेदार होऊन, वळून वाळत असली आणि पाठीमागे काळे कण दिसले, तर जाळीदार पंखांचा एक चिमुकला ढेकूण तिथे बिऱ्हाड करून आहे. हा तुळशीच्या कुळावर विशेष प्रेम करतो. चार कारणं, चारांचे चार उपाय, आणि त्यातला एकही चहाचा चोथा नाही.

वनस्पतींच्या रोगांचं शास्त्र शिकवताना एक त्रिकोण काढतात. त्याची एक बाजू म्हणजे रोगाला बळी पडणारं झाड, दुसरी म्हणजे रोग आणणारा जीव, आणि तिसरी म्हणजे त्या जिवाला मानवणारं हवापाणी. तिन्ही बाजू जुळल्या तरच त्रिकोण होतो; एक काढून घेतली की उरतात दोन काड्या. आपण बाटली घेऊन दुसऱ्या बाजूच्या मागे धावतो. तिसरी बाजू आपल्याच हातातल्या तांब्यात असते, तिकडे लक्षच जात नाही.

तांब्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण गॅलरीतल्या तुळशींच्या मृत्यूचं ते एक मोठं कारण आहे असं माझं मत आहे.

वाड्यातलं तुळशीवृंदावन आठवा. कमरेएवढं उंच दगडविटांचं बांधकाम, पोटात घमेलीच्या घमेली माती, अंगण उघडं, वर दिवसभर ऊन, चहूकडून वारा. त्या वृंदावनाला घरातल्या बाईनं रोज सकाळी एक तांब्या पाणी घालणं हे धर्मालाही धरून होतं आणि शेतीशास्त्रालाही. पुढे वाडा पाडला, फ्लॅट आला, वृंदावनाची आठ इंची कुंडी झाली. तिच्यात माती मावते चार-पाच लिटर. अंगणाची गॅलरी झाली, आणि ऊन आता चार वाजता हजेरी लावून पाचला जातं. सगळं लहान झालं. फक्त तांब्या तेवढाच राहिला! उलट वाढला. कारण आता सासूबाई एक तांब्या घालतात, सूनबाई ऑफिसला जाताना पुण्य पदरात पडावं म्हणून दुसरा घालतात, आणि मुलाची परीक्षा जवळ आली की तिसराही पडतो. कुंडीखाली फरशी खराब होऊ नये म्हणून बशी ठेवलेली. ती सदैव भरलेली. म्हणजे तुळस चोवीस तास पाय पाण्यात सोडून उभी. आपण असे आठ दिवस उभे राहिलो तर आपलीही पानं गळतील.

मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणीच पाणी झालं की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर मूळकुजीची बुरशी तुटून पडते. आता यातली खरी गंमत बघा. गंमत कसली, शोकांतिकाच. मुळं कुजली की ती पाणी ओढेनाशी होतात. मग माती चिंब असूनही वरचं झाड तहानल्यासारखं माना टाकतं. ते बघून घरातलं कोणीतरी हळहळतं, “अगंबाई, सुकली बघ तुळस!” आणि आणखी एक तांब्या ओततं. बुडणाऱ्या माणसाच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरण्यातला हा प्रकार.

म्हणून सांगतो, पाणी घालण्यापूर्वी मातीत बोटाचं एक पेर घाला. ओलं लागलं तर परत या. देव रागावत नाही. प्रदक्षिणा कोरडीही चालते.

पेराचा हा नियम कोथिंबिरीलाही लागू आहे. धने दाट पेरून वर रोज पाऊस पाडला की कोवळी रोपं मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होतात आणि एका सकाळी माना टाकून आडवी होतात. त्याला काकू ‘उंदीर फिरला’ म्हणतात. उंदीर नव्हे, मातीतला बुरशीसारखा एक जीव फिरतो, आणि त्याला चालायला ओल लागते. पानांच्या ओव्याचं तर पान बघूनच कळायला हवं. इतकं जाड, मांसल पान ज्याचं आहे तो स्वतःच्या अंगातच पाणी साठवून बसलाय. त्याला रोज पाणी पाजणं म्हणजे जेवून उठलेल्या व्याह्यांना पुन्हा पाटावर बसवणं.

आता पान उलटण्याबद्दल. पुदिन्याच्या पानाच्या पाठीवर नारिंगी-तपकिरी फोड दिसले तर तो तांबेरा. वरून बघणाऱ्याला नुसती फिकट टिंबं दिसतात. तो म्हणतो, “ऊन कमी पडतंय.” कुंडी उन्हात नेली तरी तांबेरा तिथेच असतो, फक्त आता तो उन्हात बसलेला असतो. सब्जाची परदेशी बहीण म्हणजे इटालियन मंडळी जिला बेसिल म्हणतात ती. जात एकच, बिऱ्हाडं निराळी. हिच्यावर केवडा नावाचा रोग पडतो. २००१ साली तो स्वित्झर्लंडमध्ये आढळला, २००७ साली अमेरिकेत फ्लोरिडात पोचला. तिथल्या बागाइतदारांनाही प्रथमदर्शनी वाटावं, की पान पिवळं पडलंय म्हणजे खत कमी पडलं. पान उलटलं की खाली करड्या-जांभळ्या रंगाची मखमल दिसते. तीच बुरशीसारख्या त्या जिवाची पिलावळ. म्हणजे पान न उलटता खत घालण्याची सवय केवळ आमच्या जिन्याची नाही, हे कबूल करतो. पण म्हणून ती चांगली ठरत नाही.

भुरीचंही तेच. पानावर कोणी पावडरचा डबा उपडा केल्यासारखा पांढरा थर दिसला की घरचे लोक पान धुतात, आणि पुन्हा थर आला की पुन्हा धुतात. बऱ्याचशा बुरशींना रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागतो. भुरीला तो लागत नाही. तिला सावली, दाटी आणि कोंदट हवा पुरते. तिच्यासाठी गर्दी कमी करायची, आतल्या फांद्या छाटायच्या, कुंड्या एकमेकींपासून वीतभर दूर ठेवायच्या.

इथे माझे विरोधक उठून उभे राहतील, हे मला ठाऊक आहे. “म्हणजे आमच्या आजीबाईंचे उपाय सगळे टाकाऊ काय?” नाही हो. मी एवढा उद्दाम नाही. दूधवाल्यांना तर आनंद होईल अशी बातमी माझ्याकडे आहे. ब्राझीलमधले शास्त्रज्ञ वॅग्नर बेटिओल यांनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. झुकिनीच्या पानांवर पाणी घातलेलं गाईचं दूध फवारलं तर भुरी आटोक्यात राहते, असं त्यांना दिसलं. पण भुरीवर, आणि पानांवर! आमच्याकडे दूध जातं मुळाशी, तेही मूळकूज झालेल्या झाडाच्या. तसंच पाच टक्के निंबोळी अर्क. शेतकरी तो कित्येक वर्षं वापरतायत, मावा-पांढऱ्या माशीसारख्या किडींवर तो उपयोगी आहे. पण कुजलेल्या मुळाला निंबोळी म्हणजे मोडलेल्या पायाला खोकल्याचं औषध. औषध खोटं नाही, पत्ता खोटा आहे.

आणि आता तो कठडा.

आमच्या शेजारच्या गॅलरीत एक निवृत्त काका राहतात. मनुष्य परोपकारी. परोपकारी माणसाचं एक असतं, की त्याला परवानगी मागायची सवय नसते. आमची तुळस पिवळी बघून त्यांचा जीव कळवळला. ते एका रोपवाल्याकडे गेले. त्या रोपवाल्यानं झाड कुठलं, झालंय काय, असलं काही न विचारता मोठ्या डब्यातलं औषध एका लहान बाटलीत ओतून दिलं आणि “एक टोपण टाका, साहेब” म्हणून सांगितलं. बाटलीवर लेबल नाही. काकांनी दुपारी कठड्यावरून हात लांब केला आणि आमची तुळस न्हाऊमाखू घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला खोकला झाला म्हणून सौ. काढ्यासाठी तुळशीची पानं खुडायला गेली. तिचं नाक तिखट. हे मी एरवी तक्रारीच्या सुरात सांगतो, पण त्या दिवशी ते नाक कामाला आलं. “अहो, इकडे या जरा. या तुळशीला ढेकणाच्या औषधाचा वास येतोय!” चौकशीअंती काकांनी मोठ्या समाधानानं हकीकत सांगितली. मी म्हटलं, “काका, आम्ही हे खातो हो!” तर म्हणाले, “मग धुऊन घ्या की!”

या ‘धुऊन घ्या की’साठीच मी हा सगळा लेख लिहितो आहे.

काही औषधं पानावर बसतात आणि काही झाडाच्या अंगात भिनतात. दुसऱ्यांना आंतरप्रवाही म्हणतात. झाड ती पाण्याबरोबर पानापानांत पोचवतं. ती धुऊन जात नाहीत. जावीत अशी त्यांची रचनाच नसते. म्हणून पिकावर औषध मारल्यावर इतके दिवस काढणी करू नये, असं लेबलावर लिहिलेलं असतं. पण लेबल डब्यावर राहिलं आणि औषध बाटलीतून आमच्या घरी आलं! त्या लेबलावर एक रंगीत चौकोनही असतो. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा त्याखालचा, निळा त्याखालचा, हिरवा सर्वांत सौम्य. हिरवा म्हणजे शाकाहारी नव्हे! बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका निराळा आणि हा निराळा. ही विषं ज्यांच्या रोजच्या हाताळणीतली त्यांनाही ती सोडत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांच्यामागे निदान पीक वाचवण्याची गरज होती. गॅलरीतल्या एका तुळशीसाठी टोपणानं विष मोजणाऱ्याची गरज कोणती?

द्वादशीला तुळशीचं पान तोडू नये, हे आपण पाळतो. तुळशीवर विष मारू नये असं मात्र कोणी सांगून ठेवलेलं नाही. सांगून ठेवणाऱ्याला ते सुचलंच नसणार.

औषधांचा इतिहासही मोठा बोलका आहे. द्राक्षावरचं बोर्डो मिश्रण आपल्या नाशिककडच्या बागाइतदारांना तोंडपाठ आहे. मोरचूद आणि चुना. फ्रान्समध्ये बोर्दोच्या भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे खात, म्हणून मळेवाले ती विषारी दिसावीत यासाठी वेलींवर हे निळं मिश्रण शिंपडत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की केवड्यानं आजूबाजूच्या वेली झडल्या, पण या निळ्या वेलींची पानं शाबूत आहेत. त्यानं प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. मला यात दोन गोष्टी आवडतात. एक, चोराला भिववायला केलेलं मिश्रण औषध निघालं. आणि दुसरी, मिलार्दे वेलीपाशी थांबला आणि त्यानं पानं बघितली! त्याच्याजागी आमचे नाना असते, तर न बघता ताक सांगून पुढे गेले असते.

“मग आम्ही करायचं तरी काय?” असं कोणी विचारील. माझं उत्तर ऐकून पुष्कळांना राग येईल, पण देतो. ज्या झाडाचं पान आपल्या पोटात जायचं आहे त्याला बाटलीतलं औषध नाही. बघा, पाणी आवरा, रोगट पानं कापून कचऱ्यात टाका (कुंडीत नव्हे, तिथून रोग पुन्हा वर चढतो), हवा खेळू द्या. पंधरा दिवसांत सुधारलं तर ठीक. नाही तर सरळ उपटा आणि नवं लावा.

उपटा म्हटलं की आपल्या डोळ्यांत पाणी येतं. अहो, कोथिंबीर हे चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं पीक! तिच्यावर महिनाभर उपचार करायचे म्हणजे ती बरी होऊन थेट फुलावर येणार. त्यापेक्षा मूठभर धने नव्या मातीत विरळ पेरलेले काय वाईट? पुदिन्याला तांबेरा झाला तर परदेशातल्या बागवानीच्या पुस्तकांत एक इलाज देतात : त्याचे मुळांचे तुकडे ४४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं ठेवायचे, मग गार पाण्यानं धुऊन लावायचे. हौस आणि थर्मामीटर दोन्ही असेल तर करून बघा. पाणी थोडं जास्त तापलं तर चटणीऐवजी पुदिन्याचा रस्सा मिळेल. नाही तर मंडईतून निरोगी जुडी आणून चार काड्या खोचणं सोपं. मात्र जुनी रोगट माती तशीच वापरू नका. नव्या भाडेकरूला क्षयाच्या रोग्याची गादी देण्यासारखं ते आहे.

तुळशीचं मात्र मनाला लागतं, मान्य आहे. तिला आपण कार्तिकात नवरी करतो, तिच्यापुढे दिवा लावतो. तिला उपटायची कशी? पण तुळस ही तशी दोन-चार वर्षांचीच पाहुणी. तिनं त्याची सोय स्वतःच करून ठेवली आहे. एकेका मंजिरीत शेकडो सुना आणि लेकी भरलेल्या असतात. झाड तरणंताठं असताना मंजिऱ्या वेळेवर खुडाव्यात, म्हणजे ते पानांवर जोर धरतं. थोड्या पिकू द्याव्यात आणि बाजूच्या कुंडीत चोळून टाकाव्यात. मग म्हातारी गेली तरी घर रिकामं राहत नाही. जी माणसं मरणाऱ्या तुळशीला आठ प्रकारची औषधं पाजतात आणि वाळलेल्या मंजिऱ्या झाडून कचऱ्यात टाकतात, त्यांना भक्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गॅलरीतल्या शेतीला बोट, डोळे, नाक आणि कात्री एवढीच अवजारं पुरतात. पहिली तीन घरचीच आहेत, आणि कात्री शिवणाच्या डब्यात सापडते. फक्त वापरून झाल्यावर पुसून ठेवावी, नाही तर रोग एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जातो आणि बोलणी मात्र आपल्याला बसतात. एवढं करूनही एखादं झाड गेलं तर जाऊ द्यावं. विष न खाता मेलेलं झाड हे विष खाऊन जगलेल्या झाडापेक्षा आमच्या नातवाला केव्हाही जास्त मानवेल. आणि तरीही कोणाला परोपकार करायचाच असेल, तर कठड्याच्या आपल्या बाजूला उभं राहून करावा. तिथून नुसतं “पान उलटून बघितलंत का?” एवढंच विचारावं. त्याला मी चहा पाजीन. गवती चहा घालून.